हे गाणं प्रेसखालून आलंय

'द डार्क साइड ऑफ द मून' हा जगातला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम आहे, हे मला गेल्या तीस वर्षांत इतक्या जणांनी ऐकवलंय की आता ते वाक्य सुरू झालं तरी माझं डोकं फिरतं. सांगणारे सगळे एका साच्यातून काढलेले. त्यांची यादी ठरलेली असते. पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'. यापुढे त्यांनी ऐकलेलं नसतं आणि ऐकायची इच्छाही नसते. ब्लॅक सॅबथचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. "ते जरा लाऊड आहे रे." हा 'लाऊड' शब्द ते ज्या सुरात उच्चारतात तो सूर मला चांगला ओळखीचा आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही नावं ऐकल्यावर दादर-पार्ल्याची माणसं त्याच सुरात "अच्छा, तिकडे का" म्हणतात.

मी तिकडचाच. अंबरनाथच्या मोरिवलीचा. आमच्या घराच्या मागे एमआयडीसी सुरू होते आणि माझ्या लहानपणी झोप लागायची ती कारखान्यांच्या आवाजात. माझी यादी वेगळी आहे आणि ती मी कोणाच्याही तोंडावर म्हणून दाखवीन. पहिला अल्बम 'ब्लॅक सॅबथ', १३ फेब्रुवारी १९७०. दुसरा 'पॅरानॉइड', त्याच वर्षीचा. तिसरा 'मास्टर ऑफ रिअॅलिटी', १९७१. चौथा ज्युडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील', १९८०. पिंक फ्लॉइड त्यानंतर, आणि तेही 'अॅनिमल्स'. "ज्याची त्याची आवड" म्हणून हा विषय मिटवायला मी तयार नाही. या क्रमाला कारण आहे आणि ते कारण आमच्या चाळीत, तिसऱ्या खोलीत राहायचं.

आधी बर्मिंगहॅमचं सांगतो. तिथल्या अॅस्टन भागातला टोनी आयोमी, पुढे सॅबथचा गिटारवादक झालेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा त्याचा विचार नव्हता. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. तो गेला. प्रेसवरची बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं. त्या मशीनवर त्याने कधी हात ठेवला नव्हता. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक घेऊन गेली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितली.

त्यानंतर फोरमन त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्टची. आगीत भाजून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि तो उरलेल्या दोन बोटांवर वाजवत होता. टोनीने ती ऐकली आणि कामाला लागला. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. कापल्या टोकांना जाड तारा सोसवेनात आणि गिटारच्या बारीक तारा तेव्हा दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारांचा ताणच उतरवला. 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये गिटार नेहमीपेक्षा तीन पट्ट्या खाली आहे. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा तो जड, खालचा, जमिनीवरून ओढत आणल्यासारखा आवाज इथून आला. एका पोराची बोटं चिरडली आणि त्याने वाजवणं सोडलं नाही, म्हणून आला.

आता तिसरी खोली. तिथले काका एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. १९८८ साली, पहिल्या पाळीला, डायमध्ये अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला हात घातला आणि पाय पेडलवर पडला. मशीनला गार्ड होता, पण तो लावून काम केलं की माल कमी निघतो म्हणून महिनाभर आधीच काढून कोपऱ्यात उभा केलेला. मधल्या बोटाची दोन पेरं आणि अनामिकेचं एक पेर गेलं. त्या हाताने काका तंबाखू मळायचे तेव्हा मी टक लावून बघायचो. पेर तुटलेल्या जागी कातडी चकचकीत आणि ताणलेली होती, थंडीत ती जांभळी व्हायची. शर्टाचं वरचं बटण लावायला काकू लागायच्या. काका चिडायचे नाहीत, मान वर करून उभे राहायचे, न्हाव्याकडे राहावं तसे.

१९९१ साली मी अकरावीत होतो. उल्हासनगरला एक दुकानदार कॅसेटी भरून द्यायचा. नव्वदची कोरी कॅसेट आपण द्यायची, त्याच्याकडच्या वहीतला नंबर सांगायचा, चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. एका बाजूला 'पॅरानॉइड' आणि दुसऱ्या बाजूला 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' बरोबर बसतं. मी ती घरी आणून लावली. 'आयर्न मॅन' सुरू होतं तेव्हा आधी नुसता बास ड्रम असतो, एकटा, ठाम, एकसारख्या अंतराने. बाबा रात्रपाळी करून आडवे झाले होते. डोळे न उघडता म्हणाले, "कुणाची प्रेस चालू राहिलीय रे?"

त्या एका वाक्यात रॉकबद्दल जेवढी समज आहे तेवढी मला मुंबईच्या इंग्रजी रॉकसमीक्षेत सापडलेली नाही. बाबांना सॅबथ माहीत नव्हते, बर्मिंगहॅम माहीत नव्हतं. त्यांनी ठोका ओळखला. तो ठोका त्यांच्या कानात वीस वर्षं बसलेला होता. पुढच्याच सुट्टीत मी हेल्पर म्हणून एका शेडमध्ये दीड महिना काम केलं आणि मग मलाही तो कळला. प्रेस चालू असताना कामगार एकमेकांशी बोलतात ते दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. शब्द तिथे टाकायचा, नाहीतर तो चिरडला जातो. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न नेमका तसाच गायचा. त्याच्या आवाजाला ना सफाई ना तयारी, पण गिटारच्या दोन घावांच्या मध्ये शब्द कुठे ठेवायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गायक होण्याआधी कत्तलखान्यात होता आणि मोटारीचे हॉर्न जुळवायच्या कामावरही होता. त्याला गाता येत नव्हतं म्हणणाऱ्यांनी आधी एका शिफ्टभर शॉप फ्लोअरवर उभं राहावं.

आयोमीच्या बोटांची हकीकत मला पुढे दोन वर्षांनी, फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या परदेशी मासिकातून कळली. घरी येऊन मी पहिली काकांना सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. प्लास्टिकच्या टोप्यांचं पुन्हा सांगायला लावलं. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "भरपाई किती मिळाली त्याला?"

मला माहीत नव्हतं. आपल्याकडचा हिशेब मात्र मी नंतर शोधून काढला. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता, त्याला एक तक्ता जोडलेला होता. माणसाचं शरीर त्यात पेरापेराने मोजलंय. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ७ टक्के गेली असं धरायचं, दोन पेरं गेली तर ९. अनामिकेचं एक पेर, ५ टक्के. काकांचा हात या तक्त्यात १४ टक्के भरतो. शर्टाचं बटण त्या तक्त्यात नाही.

म्हणून मला 'डार्क साइड'वाल्यांचा राग येतो. अल्बम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ध्वनिमुद्रण निर्दोष आहे, गिलमोरची गिटार सुंदर आहे. पण पिंक फ्लॉइडचे वॉटर्स, मेसन आणि राइट हे लंडनला आर्किटेक्चर शिकणारे विद्यार्थी होते आणि तो अल्बम तसाच ऐकू येतो. नकाशा आखून, कोपरे घासून, एकही खिळा बाहेर न ठेवता बांधलेलं घर. त्यात राहायला छान वाटतं. आमच्या घरांना मात्र खिळे असतात. चार वर्षांनी त्यांनी 'अॅनिमल्स' केला, तेव्हा मुखपृष्ठावर बॅटरसीचं वीज केंद्र आलं, चार चिमण्यांसकट, आणि संगीतातही पहिल्यांदा काजळी आली. 'डॉग्ज' हे सतरा मिनिटांचं गाणं मी एमआयडीसीच्या रस्त्यावरून चालत कितीदा ऐकलंय याचा हिशेब नाही. रॉकप्रेमींच्या याद्यांत तो अल्बम सदैव खाली असतो. त्यात त्यांना आपलं सुख सापडत नाही, दुसरं कारण मला दिसत नाही.

झेपेलिनबद्दल माझं मत याहून कडक आहे. बॉनहॅमसारखा ड्रमर पुन्हा झाला नाही, तो स्वतः रेडिचचा, बापाबरोबर बांधकामावर राबलेला, आणि ते त्याच्या हातात ऐकू येतं. पण ज्या काळ्या ब्लूज गायकांच्या जिवावर या मंडळींनी इमले बांधले त्यांची नावं कित्येक गाण्यांवर सुरुवातीला त्यांनी छापली नाहीत. 'होल लॉटा लव्ह'वरून विली डिक्सनने केलेला दावा १९८७ मध्ये तडजोड करून मिटवावा लागला. दुसऱ्याच्या घामावर स्वतःचं नाव घालणं काय असतं हे कंत्राटी कामगारांच्या गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. उलट ज्युडास प्रीस्ट बघा. ग्लेन टिप्टन खरोखर ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरीला होता, रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा. 'ब्रिटिश स्टील' करताना यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तर त्यांनी काट्या-चमच्यांचा ट्रे उचलून आपटला. काच फुटल्याचा आवाज हवा होता, दुधाच्या बाटल्या फोडल्या. जे हाताशी आहे त्यातून काम काढायचं, ही कामगाराची रीत आहे. मेटॅलिकाचं थोडक्यात सांगतो. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा शेवटचा अल्बम ज्यात त्यांना बाजाराची भीती नव्हती. त्याच सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून क्लिफ बर्टन गेला, पुढच्या अल्बमात नव्या बासवादकाचा आवाजच दाबून टाकला गेला, आणि १९९१ च्या काळ्या अल्बमापासून मी त्यांचा माणूस राहिलो नाही.

सॅबथलाही तेव्हाच्या जाणकारांनी उभं केलं नव्हतं. 'रोलिंग स्टोन' मासिकात लेस्टर बँग्जने १९७० साली पहिल्या अल्बमची साल काढली होती. एका दिवसात वाजवून मोकळा केलेला अल्बम, त्यात कसली कारागिरी, हा सगळ्यांचा सूर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना २००६ साली घेतलं. छत्तीस वर्षं लागली विद्वानांना.

आता आपल्या मराठी विद्वानांकडे वळतो, कारण माझा खरा हिशेब त्यांच्याशी आहे. सुशिक्षित मराठी घरात रॉक म्हणजे कर्कश, परकं आणि बिघडलेल्या पोरांचं. परकं कशावरून? कीर्तनातली पेटी कुठून आली? बालगंधर्वांच्या नाटकातला ऑर्गन कुठल्या घाटावर बनत होता? दोन्ही परदेशातून आले आणि आपण ते पोटात घेतले, आज त्यांच्याशिवाय आपलं संगीत उभं राहत नाही. मग गिटारला आणि अॅम्प्लिफायरलाच दारात का उभं करता?

आणि कर्कश म्हणता, तर गिरणगावाचं काय? मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला शाहीर दिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक कामगार मैदानात उभं राहायचं तेव्हा तो आवाज काही दिवाणखान्यासाठी लावलेला नसायचा. हजारो माणसांच्या छातीत जाऊन बसेल असा तो लावलेला असायचा. नारायण सुर्वे गिरणीत राबले आणि १९६६ साली त्यांनी 'माझे विद्यापीठ' दिलं. 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'च्या पुढच्या वर्षी नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. कारखान्याच्या आणि गटाराच्या भाषेत कविता होते हे मराठी माणसाने मान्य केलं, त्याबद्दल मला अभिमान आहे. मग त्याच भाषेत, त्याच ताकदीने, विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर गाणं होतं हे मान्य करताना कुठे दुखतं? सुर्व्यांच्या कवितेतला कामगार आणि आयोमी एकाच शिफ्टचे आहेत.

एकदा ते दार उघडलं होतं. १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तचं नाटक मराठीत आणलं, 'तीन पैशाचा तमाशा'. जब्बार पटेलांनी बसवलं. त्यात अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, पण त्याआधी मुंबईच्या रॉक बँडमध्ये गायलेले आणि अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झालेले. मराठी रंगभूमीवर एक मराठी माणूस रॉकच्या गळ्याने मराठी गात होता आणि प्रेक्षक ऐकत होते. यातून पुढे मोठी वाट निघायला हवी होती. निघाली नाही. आपण त्यांना 'पाश्चात्त्य ढंगाचे गायक' असं लेबल लावून बाजूला ठेवलं आणि २०१४ साली ते गेले तेव्हा चार ओळींची बातमी वाचून पान उलटलं. हा करंटेपणा आहे. याला दुसरा शब्द मला ठाऊक नाही. आणि आता कोणी अभंगाच्या मागे ड्रम लावले की तेच लोक "बघा, मराठीत रॉक आलं" म्हणून माना डोलावतात. तुकोबांच्या शब्दांची जबाबदारी तुकोबांनी केव्हाच घेतली. तुम्ही स्वतः काय म्हणणार, ते सांगा.

आवाजाचा दुटप्पीपणा तर असह्य आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम मला मान्य आहे. पण मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर ट्रकवर रचून, खिडक्यांच्या काचा थरथरवत गल्लीगल्लीतून फिरवतात तेव्हा जे सोसायटीवाले हात जोडून उभे असतात, तेच चार पोरांनी संध्याकाळी सात वाजता गिटार लावली की संस्कृतीची आठवण काढतात. त्यांना आवाजाचं वावडं असतं तर ट्रकसमोरही बोलले असते. त्यांना पोरांनी स्वतःहून, परवानगी न मागता काही म्हणणं खपत नाही.

मुंबईच्या रॉकवाल्यांनाही सोडणार नाही. इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला, धोबीतलावच्या रंगभवनात. १९९४ च्या सुमारास मी तिथे जायला लागलो. अंबरनाथहून दीड तास गाडीत. अंगावर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये शिवलेली जीन्स. आत गेलं की पहिला प्रश्न "कुठून आलास" आणि उत्तरावर चेहरा बदलायचा. तरीही मी रंगभवनावर जीव टाकला. उघड्यावरची ती जागा, ते दगडी बाक, घामाने निथळणारी हजारो पोरं. मात्र तिथल्या प्रेक्षकांचं एक पाप मी कधी विसरणार नाही. बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की हुर्यो व्हायची. त्यांना मेटॅलिका हवी असायची, आयर्न मेडन हवी असायची, कॅसेटीत आहे तशी, सोलोच्या सुरासुरासकट. रॉक मशीनने १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं. तो अल्बम मला अजून आवडतो आणि त्यातली हिंमत त्याहून जास्त आवडते. त्यांच्यासारखे दहा बँड व्हायला हवे होते. नक्कल मागणाऱ्या प्रेक्षकांनी ते होऊ दिले नाहीत. मग शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनच बंद पडलं आणि ही गर्दी पबमध्ये जाऊन बसली.

पबमधून ती स्टेडियमवर आली. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले तीन रात्री वाजले. तिकीट २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत, आणि काळ्या बाजारात त्याहून कितीतरी वर. आमच्या एमआयडीसीत कंत्राटी हेल्परच्या हातात महिनाभर राबून ३५,००० पडत नाहीत. मनगटात दिवे बांधून एकाच वेळी चमकणाऱ्या गर्दीला मी रॉकचे श्रोते म्हणत नाही. ते फोटो काढायला आले होते. रॉक ऐकताना माणूस शेजाऱ्यासारखा चमकत नसतो, तो पहिल्यांदा स्वतःला ऐकू येत असतो.

५ जुलै २०२५ ला ऑझी शेवटचा गायला. जागा कोणती, तर अॅस्टनचं व्हिला पार्क मैदान, तो लहानाचा मोठा झाला त्या घराच्या जवळ. पार्किन्सनने पाय गेलेले, खुर्चीत बसून गायला. मूळच्या सॅबथमधले बाकीचे तिघंही बरोबर होते, टोनीच्या बोटांवर टोप्या होत्या. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. मी ते मोबाइलवर बघितलं आणि रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जग फिरून आलेला माणूस शेवटचं गाणं स्वतःच्या गल्लीत गायला. आमच्याकडचा कोण गायक मोरिवलीत परत येऊन गाईल? इथलं काही त्याने गायलेलं असेल तर ना.

इथे मला आमच्याच पोरांना झोडायचंय. या पट्ट्यात मेटल वाजवणारी पोरं आहेत, चांगली वाजवतात, काहींचे हात अफाट आहेत. पण लिहितात काय? नॉर्वेचं बर्फ. वायकिंगांच्या तलवारी. सैतान. सगळं इंग्रजीत, तेही दुसऱ्याच्या गाण्यांतून उचललेल्या इंग्रजीत. अरे, तुमच्या दारात वालधुनी नदी आहे. काकोळ्याच्या डोंगरातून निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरात शिरेपर्यंत तिचं पाणी ज्या रंगाचं होतं त्या रंगाला मराठीत नाव नाही. जीन्स धुवायच्या कारखान्यांनी ती निळी केली, रसायनांनी काळी केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोणीतरी तिच्यात टँकर रिकामा केला आणि रात्रीतून शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली. तुम्हाला नरक शोधायला स्कँडिनेव्हियात जायची गरज काय?

सॅबथ एवढ्यावर थांबले नाहीत. गीझर बटलरने समोर दिसत होतं त्यावरही शब्द लिहिले. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, 'वॉर पिग्ज' लिहिलं. गाण्याच्या सुरुवातीला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमवर बॉम्ब पडले होते, या पोरांच्या आईबापांनी तो भोंगा ऐकला होता. अल्बमचं नावही 'वॉर पिग्ज'च ठरलं होतं, कंपनी घाबरली म्हणून 'पॅरानॉइड' झालं, आणि ते गाणं तर शेवटच्या घटकेला जागा भरायला काही मिनिटांत केलेलं. आमचं अंबरनाथ ऑर्डनन्स फॅक्टरीचं गाव आहे. इथल्या कित्येक घरांच्या भाकरीला तिच्या भोंग्याची वेळ होती. 'वॉर पिग्ज' ऐकायचा आणि त्यावर भांडायचा हक्क आमच्याइतका महाराष्ट्रात कोणाला आहे? पण भोंग्यावर, प्रेसवर, काढून ठेवलेल्या गार्डवर, तक्त्यातल्या १४ टक्क्यांवर एकही मराठी गाणं अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तीन गावांतून मी ऐकलेलं नाही.

माझा भाचा वाजवतो. त्याने आणि तीन मित्रांनी एमआयडीसीच्या कडेला एक गाळा भाड्याने घेतलाय, दर शनिवारी संध्याकाळी जमतात. मी वर्षभर त्याच्या मागे लागलो होतो, मराठीत लिही. तो म्हणायचा, "मामा, मराठीत जड वाटत नाही. लोक हसतील." मी त्याला काकांच्या हाताची गोष्ट सांगितली. तो हसला नाही.

गेल्या शनिवारी त्याने पहिलं गाणं लिहून आणलं. वालधुनीवर आहे, अर्धं कच्चं आहे, दोन ओळी तर मी तिथल्या तिथे खोडायला लावल्या. पण मराठी आहे आणि त्याचं आहे. शेजारच्या गाळ्यात प्रेस चालू होती. ड्रमवाल्या पोराने थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि तिच्याच ठोक्यावर काठ्या टाकल्या. भाच्याने तारा तीन पट्ट्या खाली उतरवल्या. साडेआठला मागच्या इमारतीतून तक्रार आली, गिटार बंद करा म्हणून. पोरांनी शटर खाली ओढून कुलूप लावलं. प्रेस रात्रभर चालू होती.